तिसऱ्या घंटेच्या आधी
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

राज्य नाट्य स्पर्धा आणि युवक महोत्सव जवळ आले की पडद्यामागच्या कामाबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न विचारणारी पत्रं एकत्र केली आहेत.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला अभिनय जमत नाही, पण तालमीला बसायला फार आवडतं. रंगमंच व्यवस्थापन शिकायचं तर पुण्या-मुंबईलाच जावं लागेल का? – एक विद्यार्थिनी, नांदेड

निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘व्यवस्थापक’ म्हटलं की तारखा, तिकिटं, गाडी आणि हिशेब पाहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तुम्ही विचारताय ते काम निराळं आहे. तालमीत ठरलेली प्रत्येक हालचाल, वस्तू, दिवा आणि आवाज कागदावर उतरवायचा आणि प्रयोगात तो त्याच क्रमाने, त्याच क्षणी घडवून आणायचा. पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शक प्रेक्षकांत जाऊन बसतो, नाटक या माणसाच्या हाती राहतं.

गावातल्या एखाद्या हौशी संस्थेत जा आणि पहिल्या नाटकात फक्त मंचसामग्री मागून घ्या, ज्याला सगळे ‘प्रॉपर्टी’ म्हणतात ती. दुसऱ्या नाटकात तालमीची वही सांभाळा. तिसऱ्यात एक विंग सांभाळा, म्हणजे पात्रांची ये-जा, अंधारातले बदल, कपड्यांची अदलाबदल. चौथ्यात क्यू द्यायला बसा, म्हणजे दिवा किंवा आवाज नेमका कधी बदलायचा याची खूण द्यायला. हा क्रम कंटाळवाणा वाटेल, पण उलटा केला की काय होतं ते दर स्पर्धेत दिसतं. थेट क्यू द्यायला बसलेल्याला दिवा कधी जाणार हे ठाऊक असतं. नऊवारी सोडून सहावारी नेसायला त्या नटीला किती वेळ लागतो, हे मात्र त्याला माहीत नसतं. मग दिवा वेळेवर लागतो आणि रंगमंच रिकामा दिसतो.

तालमीच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातून व्हायलाच हवं असं एक काम म्हणजे जमिनीवरची आखणी. ज्या नाट्यगृहात प्रयोग आहे तिथली मापं आधी आणा: दर्शनी पडद्यापासून मागच्या पडद्यापर्यंतची खोली, कमानीची रुंदी, दोन्ही विंगांतली मोकळी जागा. तालमीच्या खोलीत पुढची रेषा आखा आणि तिचा मध्य काढा. मध्यावरून मागे जाणारी रेषा काटकोनात आहे का, हे ३-४-५ ने तपासा: पुढच्या रेषेवर ३ फूट, मागे जाणाऱ्या रेषेवर ४ फूट, तिरकं अंतर बरोबर ५ फूट. तिरकं माप दोन इंच चुकलं तर १५ फूट मागे असलेला दरवाजा जवळपास एक फूट सरकतो. नट चुकीच्या पावलांवर पाठ होतात आणि रंगीत तालमीला भिंतीवर आदळतात.

आखणीसाठी रंगीत टेप वापरा, पण शहाबादी फरशी आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. धुळीवर टेप टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वायरमनच्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाने पाझरून फरशीला लागतो. तालमीची जागा शाळेची असेल तर साधा खडूच बरा, रोज पुन्हा आखावा लागला तरी. मुख्याध्यापकांचा राग त्याहून महाग पडतो.

शिक्षणाबद्दल म्हणाल तर तुमच्या गावातच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, त्याचा विचार पुढे करता येईल. अभ्यासक्रम नजर देतो, हाताचा वेग मात्र प्रयोगांनीच येतो. चार प्रयोगांच्या वह्या बरोबर घेऊन प्रवेशाला गेलात तर कोरी पाटी घेऊन जाणाऱ्यापेक्षा तुम्हाला विचारायला प्रश्न जास्त असतील.

प्रयोगाची प्रत नेमकी कशी बनवायची? आमच्याकडे संहितेवर पेनाने बाण काढतात, ते दुसऱ्याला कळत नाहीत. क्यू देताना कोणते शब्द वापरावेत? – हौशी नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, परभणी आणि धाराशिव

संहिता ए-फोर कागदावर एकाच बाजूला छापून घ्या, डावीकडे दोन इंच समास सोडा आणि भोकं पाडून रिंगच्या फाइलमध्ये लावा. फाइल उघडली की उजव्या पानावर संवाद आणि डाव्या कोऱ्या पानावर हालचाली. बाइंडिंग करू नका. दिग्दर्शक चौदाव्या दिवशी प्रवेश बदलणार आहे, ते पान काढून नवं घालता आलं पाहिजे.

हालचाली लिहिताना उजवं-डावं नटाचं धरायचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. हे पहिल्या पानावर लिहूनच ठेवा, नाहीतर नेपथ्यकार प्रेक्षकांच्या बाजूने आराखडा काढतो आणि दरवाजा भलत्या अंगाला येतो. प्रत्येक पात्राला एक अक्षर द्या. ‘आ – बाजेवरून उठते, खाली डावीकडे, तुळशीपाशी थांबते’ एवढं पुरतं (‘खाली’ म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला). ‘आई दुःखाने व्याकूळ होऊन तुळशीकडे जाते’ ही नटीच्या वहीतली ओळ झाली, तुमच्या नाही.

क्यूला दहाच्या टप्प्याने क्रमांक द्या: १०, २०, ३०. रंगीत तालमीत दोन क्यूंच्या मध्ये नवा आला की त्याला १५ म्हणता येतं, पुढचे सगळे खोडावे लागत नाहीत. प्रकाशाचे क्यू १० पासून सुरू करा आणि आवाजाचे ५१० पासून, म्हणजे घाईत एकाचा क्रमांक दुसऱ्याला लागू पडत नाही. काही जण आवाजाला क, ख, ग देतात. कुजबुजीत ‘ब’ आणि ‘भ’ यांतला फरक कानाला कळत नाही, म्हणून आकडेच बरे.

लिहायचं पेन्सिलीने किंवा काळ्या शाईने. लाल शाई सुंदर दिसते, पण विंगेत लाल कागद लावलेला टॉर्च असेल तर त्या प्रकाशात लाल अक्षर कागदात विरून जातं. निळ्या दिव्याखाली निळ्या शाईचंही तेच होतं. विंगेतला दिवा बहुतेक निळाच असतो आणि आपल्या खिशात बहुतेक निळं पेनच असतं.

क्यू कशावर लागतो ते दोन प्रकारे लिहा, शब्द आणि कृती. नट शब्द विसरेल, कृती सहसा विसरत नाही. एका पानाचा नमुना असा:

पूर्वसूचना – प्रकाश ४०, आवाज ५३० (मागच्या पानाच्या मध्यावर)
तयार – प्रकाश ४०, आवाज ५३० (‘दार कोण वाजवतंय?’ या ओळीपाशी)
आवाज ५३० – जा: म्हातारी कंदील उचलते
प्रकाश ४० – जा: ती कंदील फुंकते, ‘अंधारच बरा’ हे शब्द सुरू होण्याआधी

‘तयार’ आणि ‘जा’ यांत साधारण पंधरा-वीस सेकंद असावेत. त्याहून जास्त वेळ हात बटणावर ठेवलेला माणूस अवघडतो आणि चुळबुळ करतो. पाच सेकंदांत सांगितलं तर तो अजून चहाचा कप खाली ठेवत असतो. ‘जा’ थोडं आधी म्हणावं लागतं. ऐकून बोट हलायला वेळ जातो, शिवाय हाताने सरकवायच्या डिमरवर (दिव्याचं तेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) दिवा विझायला आणखी वेळ लागतो. किती आधी, ते त्या माणसाबरोबर चार तालमी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रकाशयोजना करणारा आणि डिमरवर बसणारा वेगवेगळे असतील तर तालमीला डिमरवर बसणाऱ्याला बोलवा.

शब्द कोणता वापरायचा हा वाद जुना आहे. ‘गो’ म्हणणारे पुष्कळ. आमचं मत ‘गो’च्याच बाजूने पडतं, कारण ‘जा’ हा शब्द संवादांत आणि विंगेतल्या बोलण्यात पदोपदी येतो. ‘तू जा, मी येतो’ असं कुणी बाजूला म्हटलं आणि डिमरवाल्याने अंधार केला, असं होऊ शकतं. वरच्या नमुन्यात ‘जा’ लिहिलं आहे ते कागदापुरतं. काहीही ठरवा, पण तो शब्द क्यूखेरीज इतर कशासाठीही विंगेत उच्चारायचा नाही.

हेडसेट नसेल तर मोबाइलवर कॉल चालू ठेवण्याच्या भरीस पडू नका. आवाज उशिरा पोचतो आणि भरल्या नाट्यगृहात कॉल तुटतो. त्यापेक्षा क्यू-दिवा बनवा. बारा व्होल्टचा अॅडॅप्टर, ३० मीटर दोन तारांची वायर, एक बटण, दोन छोटे एलईडी. एक दिवा डिमरपाशी, एक तुमच्या टेबलावर, दोन्ही एकाच बटणावर. दिवा लागला म्हणजे ‘तयार’, विझला म्हणजे ‘गो’. उलटं करू नका. लागण्याची वाट पाहणाऱ्याला तार तुटल्याचं कधीच कळत नाही. ‘तयार’चा दिवा लागला की पलीकडच्याने टॉर्च एकदा चमकवून पोच द्यायची. पोच आली नाही तर माणूस पळवायला अजून पंधरा सेकंद हातात असतात.

युवक महोत्सवात एकांकिकेला अर्धा तास आणि नेपथ्य लावायला-काढायला मिळून दहा मिनिटं आहेत. दरवर्षी आमची धांदल उडते. गेल्या वर्षी दाराची चौकट उलटी लागली. – महाविद्यालयीन संघ, अंबाजोगाई

दहा मिनिटं लावणं-काढणं मिळून असतील तर लावायला सहा आणि काढायला तीन धरा. एक मिनिट पडद्याचं. नियमपत्रिकेत वेळ केव्हापासून मोजतात तेही वाचा. बऱ्याच ठिकाणी संघाची ओळख करून द्यायला सुरुवात झाली की घड्याळ चालू होतं. निवेदक कौतुकाने दोन मिनिटं बोलला तर ती तुमच्या तीस मिनिटांतून जातात.

धांदलीचं मूळ बहुतेक वेळा मोजमापात असतं. मोजपट्टी उघडणं, कुणीतरी दुसरं टोक धरणं, अंक वाचणं, यात दोन मिनिटं जातात. पलंगाची सुती नवार घ्या, साधारण २० फूट. मधोमध लाल टाका घाला, मग प्रत्येक नगाच्या कोपऱ्याचं अंतर मोजून तिथे मार्करने त्या नगाचा क्रमांक लिहा. अशा दोन नवारा: एक पुढच्या रेषेवर आडवी, दुसरी मध्यरेषेवर उभी. रंगमंचावर गेल्याबरोबर एकाने मध्य शोधायचा, दोघांनी नवारा ताणायच्या, बाकीच्यांनी आकड्यावर नग ठेवायचे. सुतळी यासाठी वापरू नका, ती ताणली की लांबते आणि भिजली की आखडते.

प्रत्येक नगाच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी लिहा: क्रमांक, ‘वर’कडे बाण आणि ज्याने आणायचा त्याचं आद्याक्षर. चौकट उलटी लागली ती याच बाणाअभावी. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन नग. जे त्याने आणले तेच त्याने न्यायचे. नट उचलणार असतील तर ज्याचा पहिला प्रवेश आहे त्याला या कामातून सोडा, त्याला धाप लागता कामा नये.

नग हलके करा. बारा मिलिमीटरची ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची एक फळीच वीस-बावीस किलोंची भरते. तिची चौकट करून फ्लॅट म्हणून, म्हणजे नेपथ्यातली सुटी भिंत म्हणून, उभी केली की एकट्याच्या आवाक्यात राहत नाही. दोन बाय एक इंचाच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, वर ताणून ठोकलेला मांजरपाट आणि त्यावर खळ-रंगाचा हात, हा फ्लॅट एक मुलगी उचलून नेऊ शकते. दोन फ्लॅट जोडायला खिळे नकोत. पिन ओढून निघणारी बिजागरी लावा. पिनेला दोरा बांधून तो फ्लॅटला अडकवा, नाहीतर पहिल्याच प्रयोगात पिन हरवते. रंगमंचाच्या फळीत खिळे ठोकू नका. बहुतेक नाट्यगृहांत ते चालत नाही आणि अनामत रकमेतून भरपाई कापतात.

तालीम घड्याळ लावून करा. नाटकाची नाही, नेपथ्याची. किमान आठ वेळा, त्यातल्या शेवटच्या दोन वेळा अंधारात. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागतील. सहावर आल्याशिवाय दिग्दर्शकाला जास्तीची फुलझाडं लावू देऊ नका.

आमच्या गावात यात्रेत नाटक होतं. मांडव मोकळा, लाइट जाते-येते, वारं सुटलं की पडदे उडतात. मुंबईची पुस्तकं वाचून काही उपयोग होईना. – ग्रामीण नाट्यमंडळ, रेणापूर तालुका

वीज आधी. हजार वॉटचा एक दिवा २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढतो. पंधरा अँपिअरच्या एका प्लगवर असे तीन दिवे म्हणजे तेरा अँपिअर. चौथा लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. वायर वेटोळ्यात गुंडाळलेली ठेवू नका. भाराखाली वेटोळं तापतं आणि आवरण वितळतं. लांब वायर लागत नसेल तर ती जमिनीवर सैल पसरून ठेवा.

आकडा टाकून घेतलेल्या लाइनवर प्रयोग करू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय त्याला ना फ्यूज ना अर्थिंग. घामेजलेल्या हाताने माइक धरणारा नट त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

गावात रात्री विजेचा दाब १८० व्होल्टवर आला की हॅलोजनचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो आणि पिवळा पडतो. कारण तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या कितीतरी जास्त वेगाने घसरतो. एलईडीचे पार (रंगमंचाचे नळकांड्यासारखे दिवे) त्या दाबावरही बहुधा तसेच राहतात, म्हणून यात्रेसाठी भाड्याने घ्यायचे तर तेच घ्या. पण एलईडी पारची वीज डिमरमधून देऊ नका. तो लुकलुकतो, आतला पुरवठा जळू शकतो. त्याला थेट वीज द्यायची आणि तेज कमी-जास्त डीएमएक्सच्या, म्हणजे दिव्यांना तारेवरून संदेश देणाऱ्या, बोर्डवरून करायचं.

जनरेटर ५ केव्हीएचा म्हणजे साधारण ४ किलोवॉट. त्यावर तीनच्या वर भार घालू नका. आवाजाची यंत्रणा दिव्यांच्या डिमरपेक्षा वेगळ्या फेजवर ठेवा, नाहीतर दिवा मंद केला की स्पीकरमधून घरघर ऐकू येते. लॅपटॉपला चार्जर लावला की घरघर सुरू होत असेल तर प्रयोग बॅटरीवर चालवा. वीज जाऊन आली की आधी लॅपटॉप, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना उलटा क्रम. हा क्रम चुकला की फाडकन आवाज होतो आणि स्पीकरचा पडदा जातो.

वीज गेलीच तर काय करायचं ते तालमीत ठरवा. दोन्ही विंगांत चार्ज केलेले एलईडी कंदील, नट आहे त्या जागी स्तब्ध, एकच ठरलेला माणूस अर्ध्या मिनिटाच्या आत प्रेक्षकांशी बोलणार. जिथे थांबलं त्याच्या चार ओळी आधीपासून पुन्हा सुरू करायचं, आणि ती ओळ व्यवस्थापक सांगणार.

आता वारं. ताशी ३० किलोमीटरचा वारा ८ बाय ४ फुटांच्या फ्लॅटवर साधारण १५ किलोंइतका जोर लावतो, आणि तो जोर मध्यावर, म्हणजे चार फूट उंचीवर बसतो. मागे तीन फुटांवर तिरका टेकू असेल तर त्याच्या पायावर निदान २० किलो वाळू हवी. दहा किलोंची एकच पिशवी ठेवून भागत नाही ते यामुळे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वळवाचं वावटळ आलं तर पिशव्यांवर विसंबू नका, फ्लॅट आडवे करा आणि नाटक मोकळ्या जागेत पुढे न्या. खरं सांगायचं तर मोकळ्या मांडवात उभे फ्लॅट लावायचेच कशाला? एक बाज, एक उंबरठा आणि मागे काळा पडदा, त्यालाही हवा जाऊ द्यायला हातभर फटी ठेवलेल्या. गावच्या प्रेक्षकाला भिंत दिसली नाही तरी घर दिसतं.

आमच्या नाटकात बांगड्या फोडण्याचा प्रवेश आहे, नंतर लगेच दोघी अनवाणी येतात. काच लागते. प्लास्टिकच्या बांगड्यांचा आवाज येत नाही. – मंचसामग्री पाहणारे, जालना

काच खरीच ठेवा, फक्त पडू कुठे द्यायची ते ठरवा. ज्या जागी नटी बसते तिथे प्रवेशाआधीच जुनी जाड गोधडी किंवा सतरंजी अंथरलेली असू द्या, पात्रांच्या घरातली वाटेल अशी. बांगड्या मोजून घाला आणि संख्या प्रतीत लिहा, समजा दोन्ही हातांत मिळून आठ. अंधार झाला की दोघांनी गोधडीचे चारही कोपरे उचलून आत गुंडाळायची, झटकायची नाही. विंगेत तुकडे मोजणं शक्य नसतं, म्हणून पुढच्या प्रवेशातल्या वाटेवर ओल्या फडक्याचा एक हात फिरवायचा. झाडूने बारीक काच उडते, ओल्या फडक्याला चिकटते. यासाठी निदान वीस सेकंदांचा अंधार लागेल, तेव्हा संगीतकाराकडून तेवढा तुकडा मागून घ्या. दिग्दर्शक दहाच सेकंद देतो म्हणाला तर त्या दोघींना वहाणा द्या.

बाकी सामग्रीसाठी दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर खाकी कागद, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढलेली आणि आत नाव. रिकामी रेषा दिसली की वस्तू हरवली आहे हे लांबूनही कळतं. खाण्याच्या वस्तूंचा हिशेब प्रयोगांची संख्या अधिक दोन तालमी अधिक दोन जादा, असा धरा. दारूसाठी गाळलेला कोरा चहा, थंड केलेला. पोहे द्यायचे असतील तर ज्याला लगेच बोलायचं आहे त्याला कमी आणि जरा ओले द्या. कोरडे पोहे घशात अडकतात. घागर एक तृतीयांश भरा, भरलेली दिसेल आणि सांडणार नाही. चाकू-विळ्याची धार दगडावर घासून बोथट करा आणि प्रत्येक प्रयोगाआधी नटासमोर बोट फिरवून दाखवा.

नट दोन पानं गाळून पुढे गेला तर क्यू देणाऱ्याने काय करायचं? – लातूर

नटाच्या मागे जायचं. त्याला परत आणणं हे प्रॉम्प्टरचं आणि सहनटाचं काम. तुम्ही त्याच वेळी गाळलेल्या जागेचा आवाज लावलात तर दोघं अडकतील. मोठ्याने ‘थांबा’ म्हणा, सगळ्यांचे हात बटणांवरून उठू द्या, नवी ओळ सापडली की ‘आता प्रकाश ८०साठी तयार’ असं सांगा आणि मधले क्यू सोडून द्या.

पण मधले सगळेच सोडता येत नाहीत. गाळलेल्या पानात कंदील विंगेत जायचा असेल आणि पुढे तो पेटता रंगमंचावर येणार असेल, तर तो कुणीतरी न्यायलाच हवा. अशा क्यूंभोवती तालमीतच चौकोन काढून ठेवा: ‘हा झाला नाही तर पुढचं अडतं’. साधारण दोन तासांच्या नाटकात असे सात-आठ निघतात. ते पाठ असावेत, कारण त्या क्षणी पान उलटायला वेळ नसतो.

मुलगी क्यू देत असेल तर विंगेतले मोठे लोक ऐकत नाहीत. ‘ताई, तू बस बाजूला’ म्हणतात. शिवाय अंधारात दिसावं म्हणून रेडियम टेप लावला, तो दिसलाच नाही. – बीड

दुसऱ्याचं आधी. नंबरप्लेटच्या दुकानात मिळणारा रेडियम फक्त त्याच्यावर उजेड पडला तर परत फेकतो, अंधारात तो काळाच. तुम्हाला उजेड साठवून हिरवट चमकणारा टेप हवा, आणि तोही प्रयोगाआधी पाच-दहा मिनिटं दिव्याखाली ‘भरावा’ लागतो. नखाएवढे तुकडे पायरीच्या कडेला, लेव्हलच्या (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याच्या) कोपऱ्यांवर आणि विंगेच्या पट्टीवर लावा, प्रेक्षकांना दिसणार नाहीत असे. तरीही लख्ख उजेडातून अंधारात आलेला नट काही सेकंद आंधळाच असतो, डोळे पूर्ण सरावायला वीस मिनिटांच्या वर लागतात. अंधार होण्याआधी चार ओळी त्याने एक डोळा मिटून घेतला तर तो डोळा तयार राहतो. नाहीतर विंगेत हात धरणारा माणूस उभा करा.

पहिल्या गोष्टीला टेपइतका सोपा उपाय नाही. तरी एक करा: तालमीच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शकाकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या की पहिल्या घंटेपासून विंगेत तुमचा शब्द शेवटचा. घंटा स्वतः द्या. पहिली पंधरा मिनिटं आधी, दुसरी पाच मिनिटं आधी, तिसरी सगळे जागेवर आहेत हे नावं घेऊन तपासल्यावरच, पाहुणे कितीही खोळंबले तरी. नावं घेताना काकांनाही काका म्हणून घ्या, पण उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घेऊ नका. तीन प्रयोगांत सवय लागते. प्रयोगानंतर त्याच रात्री अर्ध्या पानाचा अहवाल लिहा: पडदा किती वाजता उघडला, अंक किती मिनिटांचे झाले, कोणता क्यू का चुकला, काय तुटलं. कारण लिहा, दोष कुणाच्या नावावर लिहू नका. जो कागद ठेवतो त्याच्याशी वाद घालताना लोक जरा सांभाळून बोलतात.

आणि परतीच्या टेम्पोत सामान भरताना, बीडकर मंडळींनी पत्राच्या शेवटी विचारलं आहे म्हणून: जे रंगमंचावर सगळ्यात आधी लागतं ते सगळ्यात शेवटी भरा. म्हणजे लेव्हल दाराशी, फ्लॅट उभे करून एका अंगाला, रंगवलेल्या बाजू समोरासमोर आणि मध्ये जुनी चादर. सामग्रीच्या पेट्या आत. पाना, पक्कड, हातोडी, बिजागऱ्यांच्या जादा पिना आणि टॉर्च यांची पिशवी मागे टाकायची नाही. ती ड्रायव्हरच्या शेजारी, तुमच्या पायाशी.